'कालच्यासारखंच केलं, या वेळी जमलं' : विज्ञानातल्या करिअरसाठी लागणारी, पण कुणी न शिकवलेली कौशल्यं

माझ्या संशोधनाच्या पहिल्या वर्षातल्या वहीत एका पानावर तारखेखाली एकच ओळ आहे : 'कालच्यासारखंच केलं, या वेळी जमलं.' कालचं पान उलटून बघावं, तर तिथे एक तापमान आणि त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह. बस. जमलं ते नेमकं काय, किती वेळात, कोणत्या बाटलीतल्या द्रावणाने, कशाचाच पत्ता नाही. तो प्रयोग पुन्हा जमवायला मला पाच आठवडे लागले. परीक्षेत मला कधी कमी मार्क नव्हते. विषय येत होता. येत नव्हतं ते वेगळंच काहीतरी होतं, आणि ते कुठल्याच प्रश्नपत्रिकेत विचारलेलं नव्हतं.

त्या वेगळ्या गोष्टीला हल्ली 'रिसर्च स्किल्स' आणि 'प्रोफेशनल स्किल्स' म्हणतात. कार्यशाळांच्या पत्रकांवर त्यांची लांबलचक यादी असते : नोंदी ठेवणं, पेपर म्हणजे शोधनिबंध वाचणं, संख्याशास्त्र, प्रोग्रॅमिंग, लेखन, सादरीकरण, टीमवर्क, वेळेचं नियोजन. यादी वाचूनच नवा माणूस दडपतो. पण जरा जवळून पाहिलं तर ही सगळी एकाच कामाची अंगं आहेत : आपण जे केलं ते दुसऱ्याला तपासता येईल अशा स्थितीत ठेवणं. सहा महिन्यांनंतरचे आपणही त्या 'दुसऱ्या'त धरायचे, कारण तोवर आपण बरंच काही विसरलेलो असतो.

कॉलेजात प्रश्नाचं उत्तर कुणाला तरी आधीच ठाऊक असतं. गणित सोडवायचं आणि पुस्तकाच्या शेवटच्या पानांवर उत्तर जुळतंय का ते बघायचं. संशोधनात ती शेवटची पानं नसतात. आपलं उत्तर बरोबर आहे का, हे कळायचा मार्ग एकच : ते कसं काढलं हे उघडं ठेवायचं आणि इतरांना त्यात खोट काढू द्यायची.

वही

सुरुवात वहीपासून करतो, कारण सगळ्यात दुर्लक्षित तीच.

पुढे मोठा शास्त्रज्ञ झालेला मायकेल फॅरेडे हा बुकबाइंडरकडे उमेदवारी करणारा मुलगा. औपचारिक शिक्षण जवळजवळ नाही. १८१२ मध्ये त्याला लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये रसायनशास्त्रज्ञ हंफ्री डेव्ही यांची व्याख्यानं ऐकायला मिळाली. त्याने टिपणं काढली, घरी येऊन ती आकृत्यांसह नीट उतरवली, स्वतःच्या हाताने त्याचं सुमारे तीनशे पानांचं पुस्तक बांधलं आणि डेव्हींना पाठवून दिलं. लगेच नोकरी मिळाली नाही, जागा नव्हती. पण १८१३ मध्ये एका मदतनिसाला काढावं लागलं तेव्हा डेव्हींना हा मुलगा आठवला. आजच्या भाषेत बोलायचं तर त्याचा बायोडेटा म्हणजे नोंदींची एक वही होती.

पुढे फॅरेडेने आयुष्यभर प्रयोगांची रोजनिशी ठेवली आणि १८३२ पासून तिच्यातल्या परिच्छेदांना सलग क्रमांक दिले. ते क्रमांक सोळा हजारांच्या वर गेले. क्रमांक कशाला? तर तीन वर्षांनी 'हे आपण आधी पाहिलं होतं' असं वाटलं की नुसता आकडा लिहून मागे जाता यावं म्हणून. शोधयंत्राच्या कितीतरी आधीचं शोधयंत्रच ते.

१२ मार्च १८६२ ची नोंद बघा. ज्योतीच्या प्रकाशावर चुंबकाचा काही परिणाम होतो का, हे तो शोधत होता. काहीही परिणाम दिसला नाही आणि त्याने तसंच लिहून ठेवलं. ही त्याची शेवटची प्रायोगिक नोंद मानली जाते. पुढे हॉलंडमध्ये पीटर झेमान याच्या वाचनात आलं की फॅरेडेने असा प्रयत्न केला होता. फॅरेडेसारख्याला हे करून बघावंसं वाटलं असेल तर आता हाताशी असलेल्या चांगल्या उपकरणांनी पुन्हा बघायला काय हरकत आहे, असा त्याने विचार केला. १८९६ मध्ये त्याला चुंबकामुळे प्रकाशाच्या वर्णपटातल्या रेषा रुंदावलेल्या दिसल्या. १९०२ मध्ये त्या कामासाठी त्याला नोबेल मिळालं. फसलेल्या प्रयोगाची बातमी कुणीतरी जपून ठेवली होती, म्हणून चौतीस वर्षांनी तिचं चीज झालं.

आता आपल्या वहीकडे येऊ. वाईट नोंद अशी असते : 'नमुना २ गरम केला. निकाल ठीक.' बरी नोंद अशी : 'दुपारी २.१०. नमुना २, ३ मिलिलिटर, वॉटर बाथ ६० अंशांवर. २० मिनिटं ठेवायचं होतं. बाथमधलं पाणी कमी झाल्यामुळे १२ व्या मिनिटाला ४ मिनिटं बाहेर काढावं लागलं. रंग फिकट पिवळा, अपेक्षा गडद होण्याची होती. कारण माहीत नाही. उद्या एकसलग २० मिनिटं करून बघणार.' दुसरी नोंद लिहायला दोन मिनिटं जास्त लागतात. पण महिन्याभराने रंगाचं कोडं सुटायचं असेल तर ते त्या चार मिनिटांतूनच सुटणार असतं. ते पाणी कमी झालेलं 'क्षुल्लक' म्हणून गाळलं असतं तर कोडं कायमचं कोडंच राहिलं असतं.

नियम तसे थोडेच. नोंद त्याच वेळी करायची, संध्याकाळी आठवून नाही. चुकलं तर एक रेघ मारायची. खाडाखोड करून किंवा पान फाडून मूळ आकडा गायब करायचा नाही. अपेक्षा काय होती आणि दिसलं काय, हे वेगवेगळं लिहायचं. आणि सुट्या कागदावर काहीही लिहायचं नाही. सुट्या कागदाला पाय असतात. वही कागदी की संगणकावरची, यावर लॅबमध्ये तासन्‌तास वाद होतात. मला त्यात फारसा अर्थ वाटत नाही. जी तुम्ही खरोखर रोज लिहाल ती चांगली.

स्वतःला फसवणं फार सोपं असतं

१९०३ साली फ्रान्समधल्या नान्सी शहरात रेने ब्लाँदलो या नावाजलेल्या भौतिकशास्त्रज्ञाने नवे किरण सापडल्याचं जाहीर केलं. नाव दिलं एन-किरण. ते डोळ्यांनी ओळखायचे : अंधाऱ्या खोलीत एखादी मंद ठिणगी किंवा पडदा किंचित उजळतो का ते बघायचं. इतर शास्त्रज्ञांनाही ते 'दिसू' लागले, पेपरांवर पेपर आले. १९०४ मध्ये अमेरिकेचा रॉबर्ट वूड ती प्रयोगशाळा बघायला गेला. किरण लोलकातून (प्रिझममधून) जाऊन कुठे कुठे पडतात याची मोजमापं चालू होती. वूडने अंधारात तो लोलक गुपचूप काढून घेतला. मोजमापं तशीच येत राहिली.

ब्लाँदलो लबाड नव्हता. त्याला जे दिसायला हवं होतं ते दिसत होतं, इतकंच. या सापळ्यात कुणीही सापडू शकतं, म्हणून विज्ञानाने काही कुंपणं घातली आहेत. पहिलं कुंपण म्हणजे कंट्रोल : ज्या गोष्टीचा परिणाम बघायचाय ती सोडून बाकी सगळं सारखं असलेला दुसरा प्रयोग. लोलक काढूनही तेच आकडे येत असतील तर आकड्यांचा लोलकाशी संबंध नाही. दुसरं म्हणजे ब्लाइंडिंग : मोजणाऱ्याला कोणता नमुना कोणता हे कळू द्यायचं नाही. खर्च शून्य, नळ्यांवरच्या चिठ्ठ्या शेजारच्या टेबलावरच्या मित्राने बदलून दिल्या तरी पुरतं. तरीही हे फार कमी जण करतात, याचं मला आजही नवल वाटतं.

तिसरं कुंपण संख्याशास्त्राचं. त्याचा बाऊ फार केला जातो, म्हणून एक जुना प्रयोग सांगतो. १९२० च्या दशकात इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या कृषिसंशोधन केंद्रात एक संशोधक बाई म्हणाल्या की कपात आधी दूध ओतलंय की आधी चहा, हे मला चवीवरून कळतं. तिथे काम करणारा संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर याने याची चाचणी कशी घ्यायची ते पुढे नीट मांडलं. आठ कप घ्यायचे. चारांत आधी दूध, चारांत आधी चहा. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवायचा. बाईंनी 'आधी दूध' वाले चार कप ओळखायचे.

आठांतून चार निवडायच्या एकूण पद्धती ७०. त्यातली एकच पूर्ण बरोबर. म्हणजे बाईंना खरं तर काहीच कळत नसेल, नुसता अंदाज चालला असेल, तरी सगळे कप बरोबर यायची शक्यता ७० त १, म्हणजे जेमतेम दीड टक्का. हीच ती पी-व्हॅल्यू. परिणाम मुळात नसताना, निव्वळ योगायोगाने इतकं किंवा याहून ठळक काही दिसण्याची शक्यता किती, एवढंच ती सांगते. 'माझा सिद्धांत बरोबर असण्याची शक्यता ९८.५ टक्के' असा तिचा अर्थ होत नाही. भलेभले इथे घसरतात.

ग्यानबाची मेख पुढे आहे. पाच टक्क्यांच्या आत आलं की 'सापडलं' म्हणायची रीत अनेक विषयांत आहे. समजा तुम्ही वीस वेगवेगळ्या गोष्टी तपासल्या आणि खरा परिणाम एकीचाही नाही. तरी त्यातली किमान एक 'सापडण्याची' शक्यता जवळपास ६४ टक्के असते. आता ती एकच पेपरात लिहिली आणि उरलेल्या एकोणीस ड्रॉवरमध्ये टाकल्या, तर एकही आकडा खोटा न लिहिता तुम्ही जगाला फसवलंत. उपाय साधा आहे : काय तपासणार, किती नमुने घेणार, कोणती रीडिंग वगळणार, हे प्रयोगाआधी लिहून ठेवायचं. आणि जे जे तपासलं ते सगळं सांगायचं. संख्याशास्त्र जाणणाऱ्या सहकाऱ्याकडे जायचं ते डेटा गोळा करायच्या आधी. नंतर गेलात तर तो बहुधा प्रयोग कशाने मेला एवढंच सांगू शकतो.

शंका घेणं म्हणजे विचित्र दिसणारं सगळं फेकून देणं असंही नाही. १९६७ मध्ये केंब्रिजमध्ये पीएचडी करणारी जोसेलिन बेल रोज सुमारे तीस मीटर लांबीचे कागदी आलेख डोळ्यांखालून घालत होती. रेडिओ दुर्बीण उभारायलाही तिचे हात लागले होते. त्या कागदावर तिला थोडीशी कचऱ्यासारखी खरखर दिसली. माणसाने केलेला रेडिओ गोंगाट नाही वाटला, नेहमीच्या आकाशस्थ स्रोतासारखीही नाही. शिवाय ही आपण आधी पाहिली आहे, आकाशाच्या याच तुकड्यात, असं तिला आठवलं. मग तपासणी सुरू झाली. माणसाची यंत्रं आपल्या घड्याळाप्रमाणे चालतात, तारे मात्र रोज सुमारे चार मिनिटं आधी उगवतात. ही खरखर ताऱ्यांच्या वेळापत्रकाने येत होती. नोव्हेंबरच्या अखेरीस वेगवान नोंदयंत्र लावल्यावर तिच्यात दर १.३ सेकंदाला एक ठोका निघाला. उपकरणाचाच दोष असेल म्हणून दुसऱ्या दुर्बिणीने, दुसऱ्या रिसीव्हरने पाहिलं. तरीही ठोका होता. डिसेंबरमध्ये आकाशाच्या वेगळ्याच भागात तसाच दुसरा स्रोत सापडला, तेव्हा कुठे सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. हे पल्सार, म्हणजे स्वतःभोवती फिरताना ठरावीक वेळाने रेडिओ ठोके देणारे तारे. १९७४ चं नोबेल तिच्या गाइडला आणि आणखी एकाला मिळालं, तिला नाही. तो विषय वेगळ्या लेखाचा.

बेल यांनी नंतर अनेकदा सांगितलं आहे की केंब्रिजमध्ये आपली लायकी नाही, कधीतरी आपल्याला काढून टाकतील, अशी धास्ती त्यांना वाटायची, आणि म्हणून त्या प्रत्येक गोष्ट कसोशीने बघत. 'बाकीच्यांना सगळं येतं, मलाच येत नाही' असं ज्यांना वाटतं, म्हणजे जवळपास सगळ्यांना, त्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

डेटा आणि फायली

जनुकांना लघुनावं असतात. सेप्टिन गटातल्या एका जनुकाचं नाव होतं 'सेप्ट२', आणखी एका गटातलं 'मार्च१'. ही नावं एक्सेलमध्ये टाकली की एक्सेल मदत करायला धावतं आणि त्यांच्या तारखा करून टाकतं : २ सप्टेंबर, १ मार्च. २०१६ मध्ये काही संशोधकांनी पेपरांसोबत जोडलेल्या एक्सेल फायली चाळल्या, तेव्हा जनुकांच्या याद्या असलेल्या पेपरांपैकी साधारण पाचव्या हिश्शात हा घोळ सापडला. अखेर २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीने नियम बदलले. 'सेप्ट२' चं 'सेप्टिन२' झालं, 'मार्च१' च्या नावात एक अक्षर वाढलं. सॉफ्टवेअर बदललं नाही म्हणून जनुकांना नावं बदलावी लागली!

दुसरा प्रसंग जास्त गंभीर. २००६ च्या शेवटी प्रथिनांच्या रचनेवर काम करणाऱ्या एका नामांकित गटाने आपले पेपर मागे घेतले, एकूण पाच. लॅबमध्येच वापरात असलेल्या एका प्रोग्रॅममध्ये डेटाचे दोन रकाने अदलाबदल होत होते, त्यामुळे चिन्ह उलटायचं आणि प्रथिनाची रचनाच उलटी निघायची. तोच प्रोग्रॅम वर्षानुवर्षं वापरला गेला. लबाडी नव्हती, ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे अशा एखाद्या प्रथिनावर तो प्रोग्रॅम चालवून बघितला असता, तर कदाचित वेळीच कळलं असतं.

यातून हाताशी घ्यायच्या सवयी : उपकरणातून आलेल्या मूळ फाइलला हात लावायचा नाही, काम नेहमी प्रतीवर. आकडे माउसने इकडून तिकडे ओढण्याऐवजी छोटा का होईना प्रोग्रॅम लिहायचा, म्हणजे काय केलं याची नोंद त्यातच राहते. नवा प्रोग्रॅम आधी उत्तर माहीत असलेल्या उदाहरणावर चालवायचा. प्रत्येक बदल जपणारी आवृत्ती-व्यवस्था शिकून घ्यायची. त्यातली सगळ्यात वापरात असलेली गिट शिकायला आठवडा जातो, पण 'फायनल', 'फायनल-नवीन', 'खरंच-फायनल' या तीन फायलींतली खरी कोणती, हे शोधण्यात त्याहून जास्त दिवस जातात. आणि एक प्रत दुसऱ्या इमारतीत. लॅपटॉप बंद पडायला थिसिस जमा करायचा आठवडाच निवडतो.

वाचणं आणि लिहिणं

पेपर कादंबरीसारखा पहिल्या ओळीपासून वाचू नका. शीर्षक आणि सारांश वाचा, मग थेट आकृत्यांवर जा. लेखक काय म्हणतो ते न वाचता आकृतीवरून स्वतःचा निष्कर्ष काढा. मग त्याचा बघा. दोन्ही जुळले नाहीत तर एकतर तुमचं काहीतरी हुकलंय किंवा त्याचं. दोन्ही शक्यता उपयोगाच्या. एरर बार (आकड्यातली अनिश्चितता दाखवणाऱ्या रेघा) कशाचे आहेत, नमुने किती, कंट्रोल कोणता, हे बघितल्याशिवाय आकृती सोडायची नाही. 'पद्धती' हा भाग सगळे गाळतात. खरा माल तिथे असतो. वाचून झाल्यावर स्वतःच्या शब्दांत तीन ओळी : प्रश्न काय होता, केलं काय, कुठे पटलं नाही. तीन ओळी लिहिता आल्या नाहीत तर वाचलेलं नाही, नुसते डोळे फिरवले.

लिहिण्याबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, कारण 'आधी काम पुरं करू, लिहिणं काय, नंतर होईल' ही समजूत फार जणांना महागात पडते. इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरचं उदाहरण हृदय पिळवटणारं आहे. १८४७ मध्ये व्हिएन्नातल्या रुग्णालयाच्या पहिल्या प्रसूतिकक्षात एप्रिलमध्ये बाळंतिणींच्या मृत्यूचं प्रमाण १८ टक्क्यांच्या पुढे होतं. शवविच्छेदन करून थेट प्रसूतिकक्षात येणाऱ्या डॉक्टरांच्या हातांवरून काहीतरी जातंय, असा त्याचा तर्क. मेच्या मध्यापासून त्याने क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणं सक्तीचं केलं. उन्हाळ्यात प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास आलं. याहून स्पष्ट पुरावा काय हवा? पण त्याने स्वतः सविस्तर लिहायला वर्षानुवर्षं घेतली. त्याचं मोठं पुस्तक १८६१ मध्ये आलं, चौदा वर्षांनी. तेही विस्कळीत, आणि विरोधकांवर तुटून पडणारं. तो नाकारला गेला त्याला इतर कारणंही होती. हातांवरून जातंय ते नेमकं काय, हे तेव्हा कुणालाच दाखवता येत नव्हतं, आणि डॉक्टरांच्या अभिमानालाही धक्का होता. पण इतरांना तपासता येईल अशी मांडणी वेळेत न झाल्याने विरोधकांचं काम सोपं झालं, हेही खरं.

म्हणून काम चालू असतानाच लिहायचं. 'पद्धती' हा भाग प्रयोग करत असतानाच उतरवून ठेवायचा, तेव्हा तो हातात असतो. आकृत्या आधी करायच्या, त्यांचा क्रम लावायचा. पेपरचा सांगाडा उभा राहतो. मग एकेका आकृतीबद्दल मित्राला सांगताना जे बोलाल तेच लिहायचं. पहिला खर्डा वाईटच असतो, माझा अजूनही असतो. फक्त तो लपवू नये. ज्याला विषय माहीत नाही अशा एकाला आणि ज्याला चांगला माहीत आहे अशा एकाला द्यावा. पहिला कुठे अडखळतो ते बघायचं, दुसरा कुठे भुवई उंचावतो ते.

रिव्ह्यूअरचे, म्हणजे छापण्याआधी पेपर तपासणाऱ्याचे, शेरे आले की त्या दिवशी उत्तर द्यायचं नाही. राग असतो. दोन दिवसांनी प्रत्येक शेऱ्याखाली मुद्देसूद उत्तर : हे बदललं, अमुक पानावर, हे बदललं नाही, कारण असं. रिव्ह्यूअरला तुमचं म्हणणं समजलं नसेल तर दहापैकी आठ वेळा ते नीट लिहिलेलं नसतं.

सादरीकरणाचं थोडक्यात : एका स्लाइडवर एकच गोष्ट, आलेखाचे अक्ष मोठे आणि त्यांवर एककं लिहिलेली, आणि वेळेच्या एक मिनिट आधी थांबायचं. प्रश्नाचं उत्तर माहीत नसेल तर 'माहीत नाही, पण असं तपासता येईल' हे उत्तम उत्तर आहे.

माणसं

विषयापेक्षा गाइड जपून निवडा. विषय बदलता येतो. गाइड बदलणं हे घटस्फोटासारखं प्रकरण आहे. त्यांची प्रसिद्धी बघण्याआधी त्यांच्या विद्यार्थ्यांशी बोला, सध्याच्या आणि सोडून गेलेल्यांशीही. विचारायचे प्रश्न साधे : मसुदा दिला की किती दिवसांनी परत येतो? काही बिघडलं हे सांगायला भीती वाटते का? आधीचे विद्यार्थी आता कुठे आहेत? ज्या लॅबमध्ये वाईट बातमी सांगता येत नाही तिथे चुका दडतात, आणि दडलेल्या चुका पेपरात उतरतात.

गाइडशी बोलायचीही एक रीत असते. 'मॅडम, प्रयोग चालत नाहीये' यावर कुणाला काय सांगता येणार? त्याऐवजी : 'मॅडम, सिग्नल येत नाहीये. द्रावण नवं करून बघितलं, फरक नाही. जुना चालणारा नमुना लावला, तो दिसतोय. म्हणजे उपकरण ठीक आहे, माझा नमुनाच बिघडला असावा. पुढे हे दोन पर्याय आहेत, कोणता आधी करू?' दुसऱ्या वाक्यांत अर्धं उत्तर आधीच आलेलं आहे. दर आठवड्याला असंच एक पान लिहून पाठवलं तर भेटी अर्ध्या वेळात होतात.

पेपरवर कुणाचं नाव आणि कोणत्या क्रमाने, हे काम सुरू होतानाच बोलून घ्यावं. अवघड वाटतं, पण शेवटी बोलणं त्याहून अवघड. अनेक जर्नलं आता कल्पना, प्रयोग, विश्लेषण, लेखन अशा चौदा भूमिकांपैकी कुणी काय केलं हे लिहून मागतात. ती यादी समोर ठेवली की चर्चा माणसांवरून कामावर येते. आणि ऑर्किड (ORCID) हा संशोधकांसाठीचा सोळा अंकी ओळखक्रमांक पहिल्याच वर्षी काढून ठेवा. तो फुकट आहे, आणि तुमच्याच नावाच्या दुसऱ्या संशोधकाचे पेपर तुमच्या खात्यावर पडत नाहीत.

पीएचडी होणाऱ्यांच्या मानाने प्राध्यापकांच्या जागा सगळीकडेच फार थोड्या आहेत. बरेच जण पुढे उद्योगात, डेटाच्या कामात, विज्ञानलेखनात, पेटंटच्या क्षेत्रात, धोरण ठरवणाऱ्या कार्यालयांत जातात. याला 'बाहेर पडणं' म्हणायची लॅबमधली सवय मला कधी आवडली नाही. तिथे प्रथिनाचं नाव कुणाला नको असतं. अर्धवट माहितीतून प्रश्न कसा मांडलात, चूक कशी शोधलीत, चार जणांकडून काम वेळेत कसं करून घेतलंत, हे हवं असतं. बायोडेटात 'डेटा विश्लेषणाचं कौशल्य' असं लिहिण्यापेक्षा 'दोन वर्षांची मोजमापं तपासून त्यातला एका उपकरणाचा दोष शोधला' हे लिहा. मुलाखत घेणाऱ्याला पुढचा प्रश्न विचारायला जागा मिळते.

तो प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो, प्रयोगशाळेत असो की कंपनीत : तुमची एखादी चूक सांगा, आणि ती तुम्हाला कळली कशी ते सांगा. मी आता पलीकडच्या खुर्चीत बसतो तेव्हा हा प्रश्न हमखास विचारतो. काही जण 'मी फार जास्त काम करतो' छापाचं पाठ केलेलं उत्तर देतात. काही जण क्षणभर थांबतात, हसतात आणि म्हणतात, 'तिसऱ्या महिन्यात एक रीडिंग सतत थोडं वर येत होतं...' आणि मग वीस मिनिटं कशी जातात ते दोघांनाही कळत नाही.